‘शेवटचा धडा’ कोणत्या भाषेतला?

आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची ‘शेवटचा धडा’ ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकातून पुष्कळ घरांत पोचली आहे. मुलांनी ती परीक्षेपुरती वाचली असेल; वडीलधाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत निवांतपणे पुन्हा वाचावी, अशी तिची योग्यता आहे.

१८७१ साली युद्ध हरलेल्या फ्रान्सला आल्सास प्रांत जर्मनीच्या स्वाधीन करावा लागला. गोष्टीत बर्लिनहून हुकूम येतो की उद्यापासून शाळेत जर्मनच शिकवायची. आमेल मास्तर ठेवणीतला हिरवा कोट घालून चाळीस वर्षांच्या नोकरीतला अखेरचा फ्रेंच धडा देतात. मागच्या बाकांवर गावातली पोक्त मंडळी मूकपणे बसलेली असतात. हे सारे सांगतो तो उशिरा आलेला फ्रांझ नावाचा उनाड पोरगा. १८७२ साली ही गोष्ट वर्तमानपत्रात आली, म्हणजे जखम ओली असतानाच.

मोठे दुःख लहानसहान वस्तूंतून दाखवण्याची दोदेची हातोटी विलक्षण आहे. म्हातारा हाउजर कडा झिजलेले बाळबोध पुस्तक उघडून पोरांबरोबर अक्षरे घोकतो. छपरावर पारवे घुमतात आणि पोराच्या मनात येते, की आता यांनाही जर्मनमधून घुमायला लावणार की काय! मास्तर पोरांना दोष देतात, पण स्वतःला वगळत नाहीत. आपण मुलांना बागेला पाणी घालायला लावले, मासे धरायला जायचे म्हणून सुट्टी दिली, हे ते बोलून दाखवतात. आम्हा शिक्षकांना ही जागा चांगलीच बोचते.

परंतु गोष्टीतली नावे जरा निरखून पाहा. फ्रांझ, हाउजर, वाख्टर लोहार, ही सारी जर्मन वळणाची नावे. आल्सासच्या बहुतेक खेड्यांत चुलीपाशी आणि बाजारात चालणारी बोली जर्मन कुळातली होती. १६८१ साली चौदाव्या लुईने स्ट्रासबुर्ग घेतले, तरी फ्रेंच ही पिढ्यान् पिढ्या अंमलदारांची आणि शहरातल्या वरच्या थराचीच भाषा राहिली. १७७१ साली तरुण गटेने याच प्रांतात लोकगीते गोळा केली, ती जर्मन होती. आणि ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली रचले गेले, तेही याच स्ट्रासबुर्गात! बोली एकीकडची आणि निष्ठा दुसरीकडची, हेच आल्सासचे खरे स्वरूप. दोदेने त्यातली निष्ठा घेतली आणि बोली गाळली.

त्यामुळे गोष्टीला एक पोकळी राहते. फ्रांझला धातुसाधिते येत नाहीत, याचे कारण आळस असे दोदे सांगतो. पण ज्या पोराच्या घरी ती भाषाच नसेल, त्याला ती कशी यावी? गुलाम झालेल्या समाजाने आपली भाषा जपली तर तुरुंगाची किल्ली त्याच्याच हाती राहते, हा आमेल मास्तरांच्या तोंडचा विचार मूळचा प्रोव्हान्सचा कवी मिस्त्राल याचा. मिस्त्रालने तो मांडला कॅटलन कवींना उद्देशून, आपल्या प्रोव्हान्साल भाषेत. आणि त्या भाषेला खाली ढकलत होती ती फ्रेंचच! दोदे स्वतः दक्षिणेतल्या नीमचा, मिस्त्रालचा मित्र. हा विरोध त्याला उमगला नसेल, असे म्हणवत नाही. पराभवाच्या दुःखात तो झाकून गेला असावा.

पुढचा इतिहास अधिक कठोर आहे. १९१८ साली प्रांत फ्रान्सकडे परत आला आणि शाळेत फ्रेंच आली. १९४० साली नाझींनी तो गिळला. फ्रेंचवर बंदी आली, माणसांची नावेसुद्धा जर्मन करण्यात आली, आणि १९४२ पासून सुमारे एक लाख आल्सासी तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात नेण्यात आले. १९४५ नंतर फ्रेंच परतली आणि प्राथमिक शाळांतून जर्मनची हकालपट्टी झाली. १८७० साली जन्मून पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाचे राष्ट्र चारदा बदलले. दर खेपेला कुठल्या ना कुठल्या मास्तराने शेवटचा धडा दिलाच असेल. घरच्या बोलीचा धडा मात्र यांतल्या कोणत्याच सरकारला सुचला नाही. आज ती बोली मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. १९९० नंतर सुरू झालेले दुभाषी वर्ग तिला कितपत तारतील, हे पुढे दिसेल.

म्हणून काय ही गोष्ट टाकून द्यायची? मुळीच नाही. सत्तेने हुकूम काढून माणसाच्या जिभेवर हात घालू नये, हे तिचे म्हणणे खरेच आहे. दोदेला वाटले त्याहूनही खरे. फक्त वर्गात ती शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. त्या दिवशी शाळा सुटल्यावर फ्रांझ धावत घरी गेला असेल आणि आईला सारी हकीकत सांगितली असेल. ती कोणत्या भाषेत?