परंपरा नावात की विरजणात? : जर्मनीतील आंबट गव्हाच्या बिअरचा चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : बर्लिनर वाइसे, गोझे, किण्वन, शुद्धता-नियम, परंपरा, पुनरुज्जीवन

प्रस्तावना

जर्मन बिअरचा विषय निघाला की १५१६ साली बव्हेरियात झालेल्या शुद्धता-नियमाचा उल्लेख बहुधा प्रथम येतो. जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य करणारा हा नियम जर्मन परंपरेचा पाया मानला जातो. तथापि उत्तर व मध्य जर्मनीत या चौकटीत न मावणारी एक वेगळी परंपरा वाढली. बर्लिनची ‘बर्लिनर वाइसे’, गोस्लार व लाइपझिगची ‘गोझे’ आणि येना शहराच्या परिसरातील धुरकट चवीची ‘लिश्टेनहाइनर’ ही तिची प्रमुख रूपे होत. आंबटपणा आणि सौम्य मद्यांश ही त्यांची समान लक्षणे असून पहिल्या दोहोंत गव्हाचे स्थान मध्यवर्ती आहे. एकविसाव्या शतकात या बिअरचे जगभर पुनरुज्जीवन झाले आणि त्यांच्या बाटल्यांवर ‘पारंपरिक’ हे विशेषण सर्रास दिसू लागले. या विशेषणाचा नेमका आशय तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) आंबट गव्हाच्या बिअरमागील किण्वनप्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) बर्लिनर वाइसे व गोझे यांच्या ऱ्हासाची आणि पुनरुज्जीवनाची तुलना करणे.
३) ‘पारंपरिक’ ठरविण्याचे निकष तपासणे.

आंबटपणाचा उगम

सर्वसाधारण बिअरमध्ये माल्टचा गोड अर्क हॉप्ससह उकळतात व थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात. उकळण्यामुळे इतर जीवाणू नष्ट होतात. जुन्या पद्धतीच्या बर्लिनर वाइसेमध्ये मात्र हा अर्क उकळण्याची प्रथा नव्हती. धान्यासोबत आलेले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू त्यामुळे जिवंत राहत आणि यीस्टसमवेत काम करीत. दुधाचे दही करणारे जीवाणू याच प्रकारचे असतात. म्हणूनच या मिश्र किण्वनास मराठीत ‘विरजण’ हा शब्द यथार्थ ठरतो. आधीच्या खेपेतील जिवंत अंश पुढील खेपेस देणे हेच या पद्धतीचे मर्म होते.

या विरजणातील तिसरा घटक म्हणजे ‘ब्रेटॅनोमायसिस’ हे संथ गतीने वाढणारे यीस्ट. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरच्या संदर्भात त्याचे वर्णन केले. त्याच्या नावाचा अर्थच ‘ब्रिटिश बुरशी’ असा आहे. मात्र बर्लिनच्या बाटल्यांतही ते मुरत होते. लॅक्टिक आम्ल केवळ आंबटपणा देते, तर हे यीस्ट कित्येक महिन्यांच्या मुरण्यात फळांची आठवण करून देणारा गंध निर्माण करते. बर्लिनर वाइसेचे व्यक्तिमत्त्व या दोहोंच्या संयोगातून घडले होते.

बर्लिनर वाइसे : नाव टिकले, विरजण तुटले

एकोणिसाव्या शतकात बर्लिनर वाइसे हे बर्लिनचे सर्वसामान्य पेय होते. सुमारे ३ टक्के मद्यांशाची ही बिअर रुंद तोंडाच्या वाडग्यासारख्या पेल्यात दिली जाई. शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम शीतकरणाची सोय झाली आणि थंड तापमानात तयार होणाऱ्या लागर बिअरने बाजारपेठ व्यापली. मागणी घटल्यावर दीर्घकाळ मुरवण्याचा खर्च परवडेनासा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅक्टिक किण्वन व यीस्टचे किण्वन स्वतंत्रपणे करून दोन्ही द्रव एकत्र करण्याची पद्धतही रूढ झाली. त्यात ब्रेटॅनोमायसिसला स्थान उरले नाही. चव केवळ आंबट राहिल्याने रास्पबेरीचा लाल किंवा वाल्डमाइस्टर या सुगंधी वनस्पतीचा हिरवा पाक घालण्याच्या प्रथेस अधिकच महत्त्व आले. पेला, रंग आणि नाव ओळखीचे राहिले. बदलला तो आतील द्रव.

या संदर्भात पुढील काळातील प्रयत्न उद्बोधक आहेत. बर्लिनमधील काही छोट्या उत्पादकांनी दशकानुदशके जुन्या बाटल्यांच्या तळाशी साचलेल्या गाळातून जिवंत ब्रेटॅनोमायसिस वेगळे केले व त्यावर नवी बिअर सिद्ध केली. येथे परंपरेचा दस्तऐवज एखाद्या ग्रंथात सापडला नाही. तो गाळात सापडला. अशा न उघडलेल्या बाटल्या संपल्या असत्या, तर कोणत्याही पाककृतीच्या आधारे तो अंश पुन्हा मिळवता आला नसता.

गोझे : विरजण तुटले, स्मृती टिकली

गोझेचा इतिहास याच्या उलट दिशेने जातो. हार्त्स पर्वतातील गोस्लार येथील गोझे नदीवरून तिला नाव मिळाले. परंतु तिची कीर्ती वाढली ती लाइपझिगमध्ये. हाले शहराजवळील ड्योलनिट्स येथे १८२४ पासून ती तयार होत असे. गव्हाच्या माल्टबरोबर मीठ व धणे हे तिचे वैशिष्ट्य. जुन्या काळी ती लांब मानेच्या बाटलीत भरून बूच न लावता ठेवीत. वर आलेले यीस्टच मानेत साचून बुचाचे काम करी.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये ड्योलनिट्सचे उत्पादन थांबले. लाइपझिगमधील फ्रीडरिश वुर्त्सलर यांच्या छोट्या ब्रुअरीने १९४९ पासून ती परंपरा सांभाळली. १९६६ मध्ये तीही बंद पडली. त्यानंतर जवळपास दोन दशके गोझे अस्तित्वातच नव्हती. लोथार गोल्डहान यांनी लाइपझिगमधील ‘ओने बेडेंकेन’ या जुन्या गोझे-पानगृहाचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि १९८६ मध्ये तेथे पुन्हा गोझे मिळू लागली. तिचे उत्पादन प्रथम पूर्व बर्लिनमधील वाइसे बनविणाऱ्या ब्रुअरीत करून घ्यावे लागले. पुढे १९९९ मध्ये ‘रिटरगुट्स गोझे’ हे जुने नाव परत आले, तर २००० पासून लाइपझिगच्या ‘बायरिशर बानहोफ’ या जुन्या रेल्वेस्थानकाच्या वास्तूत गोझे तयार होऊ लागली.

मूळ जिवंत अंश नष्ट झालेला असताना या पुनरुज्जीवनास अप्रामाणिक म्हणावे काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. गोझेची ओळख मीठ, धणे आणि पानगृहातील सामूहिक स्मृती यांवरही उभी होती व ती चव आठवणारे लोक तेव्हा हयात होते. वीस वर्षांचा खंड एका पिढीच्या आयुष्यात भरून निघू शकतो. ऐंशी वर्षांचा भरून निघणे कठीण.

शुद्धता-नियमाची मर्यादा

१९०६ मध्ये शुद्धता-नियमाचे तत्त्व संपूर्ण जर्मन साम्राज्यास लागू झाले. वरच्या थरात किण्वन होणाऱ्या बिअरसाठी गव्हाचे माल्ट मान्य असले तरी मीठ व धणे त्यात बसत नाहीत. गोझे ही प्रादेशिक वैशिष्ट्य म्हणून अपवादानेच टिकते. विशेष म्हणजे १५१६ च्या मूळ मजकुरात यीस्टचा उल्लेखच नाही. जो नियम घटक मोजतो पण किण्व मोजत नाही, तो या परंपरेचा रक्षक होऊ शकत नाही. वर्गीकरणाचीही हीच मर्यादा आहे. अमेरिकेतील बिअर-परीक्षकांच्या ‘बीजेसीपी’ या संस्थेने २०१५ मध्ये गोझेला ‘ऐतिहासिक’ गटात ठेवले व २०२१ मध्ये ‘युरोपीय आंबट’ गटात नेले.

आज अनेक देशांत उकळभांड्यातच एक-दोन दिवसांत अर्क आंबवून, नंतर उकळून जीवाणू मारण्याची झटपट पद्धत वापरली जाते. तिचे समर्थन करता येते. जुन्या पद्धतीत खेप बिघडण्याचा धोका मोठा होता आणि लहान उत्पादकास तो पेलणारा नसतो. आक्षेप पद्धतीवर नाही, तिला ‘पारंपरिक’ म्हणण्यावर आहे.

निष्कर्ष

१) परंपरेचे नाव, घटक, प्रक्रिया व जिवंत विरजण हे चार स्तर स्वतंत्रपणे तुटू किंवा टिकू शकतात.
२) बर्लिनर वाइसेमध्ये नाव टिकूनही आशय हरवला, गोझेमध्ये सातत्य तुटूनही ओळख परत मिळाली.
३) कायदा व वर्गीकरण पहिल्या दोन स्तरांचेच रक्षण करू शकतात.
४) ‘पारंपरिक’ म्हणविणाऱ्या उत्पादनाने यांपैकी कोणता स्तर जपला आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पाककृती लिहून ठेवता येते; विरजण मात्र रोज कोणीतरी राखावे लागते. आंबट गव्हाच्या बिअरचा इतिहास हेच सांगतो.