‘मास्टर जीन’ या बिरुदाची चिकित्सा : मायोडी व स्नायुपेशींची घडण

स्नायुपेशींच्या विकासावरील अध्यापनपर लेखनात मायोडी हे जनुक बहुधा ‘मास्टर जीन’ या बिरुदासह अवतरते. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या बिरुदावर आहे. कारण पर्याप्तता व आवश्यकता या दोन भिन्न गोष्टी त्यात एकरूप होतात.

बिरुदास आधार आहे, हे मान्यच केले पाहिजे. १९८७ साली डेव्हिस, वाइनट्राउब व लासार यांनी मायोडीचा सीडीएनए उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत घातला आणि त्या पेशी स्नायुजनक बनल्या. मायोडी प्रथिन ई-प्रथिनाशी जोडी करून डीएनएवरील ई-बॉक्स या सहा अक्षरी क्रमाशी बद्ध होते व स्नायूंची जनुके कार्यान्वित करते. तथापि सिद्ध झाले ते इतकेच की, संवर्धित पेशींत बाहेरून पुरविलेले मायोडी पुरेसे ठरते. गर्भात ते अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न त्या प्रयोगाचा नव्हताच.

त्याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. रुडनिकी व सहकाऱ्यांच्या मायोडीविरहित उंदरांत स्नायू जवळजवळ सर्वसाधारण होते. मिफ-५ या भगिनी-जनुकाची अभिव्यक्ती मात्र वाढली होती. १९९३ मध्ये दोन्ही जनुके निकामी केल्यावर कंकालस्नायू घडलेच नाहीत. म्हणजे मास्टर एक नसून दोन, असा निष्कर्ष रूढ झाला. तोही टिकला नाही. एमआरएफ-४ हे जनुक गुणसूत्रावर मिफ-५ च्या शेजारीच असते, आणि मिफ-५ मोडताना त्याच्याही कार्यात बाधा आली होती. (शेजारच्या घरातील पडझड आपल्या खाती मांडली गेली, असेच म्हणावयाचे!) एमआरएफ-४ अबाधित राहिल्यास पहिल्या दोहोंच्या अभावीही गर्भात काही कंकालस्नायू घडतात, असे २००४ मध्ये दाखविण्यात आले.

शिवाय मायोडीची हुकमत अटींनी बांधलेली आहे. आयडी हे प्रथिन ई-प्रथिनांना अडकवून ठेवते. मग मायोडी पेशीत असूनही निष्क्रिय राहते. उलट मायोजेनिन नसलेल्या उंदरांत स्नायुजनक पेशी तयार होतात, पण तंतू नीट घडत नाहीत व पिल्ले जन्मतःच दगावतात. ही उणीव अन्य भगिनी-जनुके भरून काढीत नाहीत. तेव्हा अपरिहार्यतेच्या निकषावर बिरुद द्यावयाचेच, तर मायोजेनिनचा दावा अधिक सबळ ठरतो. ते मात्र कोणी देत नाही.

पदवीवर्गात १९८७ व १९९२ चे प्रयोग एकाच तासिकेत, याच क्रमाने मांडावेत आणि बिरुद फळ्यावर लिहावयाचेच झाल्यास त्यानंतर लिहावे.