एक आसन, दोन आसनं : विमानांच्या मॉडेलमधला अचूकपणा
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की प्लास्टिकच्या विमानांवर एवढं काय बोलायचं? शेवटी ती खेळणीच. त्यात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

गिरगावच्या चाळीत, दादर-परळच्या वाड्यांत दिवाळीला मुलं किल्ला करतात. बुरूज वीतभर उंच आणि त्यावरचा मावळा एवढा मोठा, की किल्ल्याच्या दरवाज्यातून त्याला आत जाताच येणार नाही. महाराज तर सगळ्या गडापेक्षा मोठे. पण कुणीही ‘माप चुकलं’ म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कारण तो किल्ला मापाचा दावाच करत नाही.

मॉडेलच्या किटचं तसं नसतं. खोक्यावर ठळक अक्षरांत १:७२ छापलेलं असतं. एक इंच म्हणजे सहा फूट, असा त्याचा सरळ अर्थ. इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ने १९३६ साली ‘पेंग्विन’ किटं काढली, त्यांच्यापासून हे माप रुळलं. शेजारी विमानाचं नाव असतं, कधी स्क्वाड्रन असते, कधी वैमानिकाचंही नाव असतं. हे सगळं म्हणजे ग्राहकाला दिलेलं वचन. ते पाळलं गेलं का, हे बघणं म्हणजे किटची समीक्षा. आमचं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो.

आम्ही काही मित्र रविवारी दादरला जमतो आणि मॉडेलं करतो. एका छोट्या प्रदर्शनात आम्ही नॅट विमान ठेवलं होतं. रंग नीट बसला होता, केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ डेकलवर कुठे सुरकुती न पडता चिकटलं होतं. खाली पाटी : ‘फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचे नॅट, श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१’. लोक कौतुक करून पुढे जात होते. हवाई दलातून निवृत्त झालेले लालबागचे एक काका मात्र बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘पोरांनो, मागे कोण बसलंय?’’

आमच्या विमानाला दोन आसनं होती.

झालं होतं असं : बाजारात मिळालेलं किट होतं नॅटच्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचं, टी.१ चं. दोन आसनं, एकामागे एक. भारतीय हवाई दलाने लढाईत वापरलं ते एफ.१, एका आसनाचं. आम्ही भारतीय डेकलं लावली आणि विमान भारतीय झालं असं मानलं. श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असताना सेखों उडाले. पुढच्या नॅटशी त्यांची नजरभेट तुटली आणि ते एकटेच सेबर विमानांशी झुंजत राहिले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. आणि त्या एकटेपणाच्या जागी आम्ही मागे एक रिकामी खुर्ची ठेवली होती. ही चूक दोन मिलिमीटरची नाही.

बरं, मागची खुर्ची झाकली की झालं, असंही नाही. एफ.१ च्या पंखांचा पसारा सुमारे ६.७३ मीटर, टी.१ चा ७.३२ मीटर. १:७२ मध्ये एक येतो साडेत्र्याण्णव मिलिमीटर, दुसरा जवळजवळ एकशे दोन. म्हणजे प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर पंख जास्त. पंखांचं क्षेत्रफळ १३६ चौरस फुटांवरून १७५ वर गेलेलं. धड लांब, शेपटीचा उभा पंखा मोठा. एफ.१ मध्ये पंखांवरचे एलेरॉन धडाजवळ असतात आणि खाली झुकून फ्लॅपचंही काम करतात, टी.१ मध्ये फ्लॅप वेगळे, एलेरॉन बाहेरच्या टोकाकडे. शिवाय एफ.१ च्या हवा आत घेणाऱ्या तोंडांपाशी दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरची एकेक ॲडन तोफ, जी टी.१ मध्ये नाहीच. थोडक्यात, चेहरा सारखा पण माणूस दुसरा.

परळ-लालबागच्या कारखान्यांत मूर्तिकार काय करतात ते आठवा. साच्यातून मूर्ती निघाली की आधी सांधे बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा, अंगाचा तोल बघायचा. डोळ्यांची आखणी शेवटी. अंगच बिघडलं असेल तर आखणीने ते सावरत नाही. मॉडेलचंही तेच. आधी मापं आणि आकार, मग नेमकी आवृत्ती, मग तारीख, आणि शेवटी पृष्ठभाग.

आमची तक्रार आहे ती इथे. किटांची परीक्षणं बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून लिहिली जातात. पत्र्यांच्या जोडरेषा कशा कोरल्यात, रिवेट किती, भाग एकमेकांत कसे बसतात, यावर पानं भरतात. आता हिशेब करा. १:७२ मध्ये ०.३ मिलिमीटर रुंद रेषा म्हणजे खऱ्या विमानावर एकवीस मिलिमीटरहून मोठी फट. एवढी फट असलेलं विमान कोण उडवेल? ती रेषा हा एक संकेत आहे, चित्रातल्या रेषेसारखा. डोळ्याला बरी दिसते, जरूर असावी. पण तिलाच अचूकपणा म्हणायचं आणि पंख चार मिलिमीटर वाढला त्याकडे बघायचंच नाही, याला समीक्षा म्हणता येणार नाही.

मग मापं पडताळायची कशी? छापील आराखड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. एकाने चुकीचं काढलं की दहा जण तेच गिरवतात. व्हर्नियर घ्या, आधी आराखड्याचाच पंख मोजा आणि प्रसिद्ध आकड्याशी ताडा. मग छायाचित्रं. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, शेपटी आक्रसते. म्हणून लांबून, काटकोनात काढलेला फोटोच धरा.

आणि जमलं तर खरं विमान बघा. इथून वरळी किती लांब आहे? नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत उभं आहे. कुर्ट टँक यांनी आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. नॅटमध्ये ऑर्फियस जातीचं एक इंजिन, यात दोन. पंखांचा पसारा नऊ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये बरोबर सव्वाशे मिलिमीटर. त्याच्याभोवती फिरून या. पण एक सावधगिरी : उघड्यावरच्या विमानांना संग्रहालयं पुन्हा पुन्हा रंग देतात. तेव्हा आकारासाठी त्याची साक्ष घ्या, रंगासाठी घेऊ नका. विक्रांत युद्धनौका २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आम्ही तिथे पोरंटोरं घेऊन गेलो, फोटो काढले, पण ते सगळे आमचेच, विमानं नुसती मागे. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली.

रंगासाठी तारीख लागते. १९६५ चं युद्ध सुरू झालं तेव्हा नॅट चंदेरी होती. छद्मरंग घाईघाईने नंतर चढले. म्हणजे ‘नॅटचा रंग कोणता’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘अमुक नॅट, अमुक दिवशी’ असं विचारलं तरच उत्तर मिळतं.

याचा अर्थ असा नव्हे, की दहा वर्षांच्या पोराच्या पहिल्या मॉडेलला आपण कॅलिपर लावायचा. त्याचं ते किल्ल्यासारखंच आहे, त्याला कौतुक द्या. पण पाटी लिहिणाऱ्या मोठ्यांना सवलत नाही. त्यांच्यापुढे दोनच प्रामाणिक रस्ते आहेत : प्लास्टिक बदला, नाहीतर पाटी बदला.

आम्ही त्या संध्याकाळी पाटी बदलली. ‘नॅट टी.१, प्रशिक्षण विमान’ एवढंच लिहिलं. डेकलं खोटीच होती, तीही पुढे काढून टाकली. मग वर्षभर दुसऱ्या एका किटवर करवत चालवली, धड कापलं, पंख आखूड केले, लांबी भरली, घासलं, पुन्हा भरलं. शेपटीचा पंखा अजून मनासारखा नाही, तो पुन्हा करायचाय. पण काका परत आले तेव्हा वाकून बघितलं, आतलं एकच आसन बघितलं, आणि काही न विचारता पुढच्या टेबलाकडे गेले.