वाटणीपत्र कीं वंशावळ?

“आमची पणजी चॉक्टॉ होती,” हें वाक्य अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कितीतरी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येतें. पणजीचें वर्णनहि बहुधा ठरलेलें असतें: लांबसडक काळे केस, गालांचीं वर आलेलीं हाडें आणि झाडपाल्याच्या औषधांचें ज्ञान. कुलकथा म्हणून ही गोष्ट मोठी हृदयंगम आहे. परंतु ती खरी काय, असें कोणीं विचारलें म्हणजे त्याच्यापुढें मुख्यतः एकच ग्रंथ ठेवण्यांत येतो, व तो म्हणजे डॉज आयोगाची अंतिम नामावळी. नुसत्या नांवांच्या यादीचें परीक्षण तें काय करावयाचें, अशी शंका वाचकांस येईल. पण ओक्लाहोमांतील चॉक्टॉ राष्ट्राचे दोन लाखांहून अधिक सभासद ज्या ग्रंथाच्या आधारें सभासद ठरले आहेत, तो कोणीं, कशासाठीं आणि कोणास वगळून लिहिला हें पाहणें टीकाकाराचें कामच होय.

चॉक्टॉ हे मूळचे मुख्यत्वें मिसिसिपींतील आदिवासी. १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहानें त्यांची तेथील भूमि गेली आणि १८३१ ते १८३३ च्या दरम्यान बहुतेकांस मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमांत, हलविण्यांत आलें. ज्यांस मागें राहावयाचें होतें त्यांच्यासाठीं तहाच्या चौदाव्या कलमांत सोय होती: सहा महिन्यांत सरकारी एजंटाकडे नांव नोंदवावें, म्हणजे कुटुंबप्रमुखास ६४० एकर जमीन मिळेल. एजंट विल्यम वॉर्ड यानें लोकांस परत लावलें, नोंदी नीट ठेवल्या नाहींत, आणि मागें हजारों माणसें राहिलीं असतां दप्तरांत अवघे ६९ कुटुंबप्रमुख आले. ज्या घराण्याची कथा मिसिसिपींत राहिलेल्या पूर्वजाची आहे, त्याचा कागद बहुधा येथेंच तुटतो. आणि तो तुटला यांत त्या पूर्वजाचा दोष कांहींच नाहीं.

पुढें नदीपलीकडची जमीनहि डोळ्यांत आली. ती सर्व राष्ट्राची सामाईक होती. ती व्यक्तींत वांटून टाकावी म्हणून १८९३ त आयोग नेमला गेला, १८९८ त कर्टिस कायदा झाला आणि १९०६ पर्यंत नांवें घेण्यांत आलीं. म्हणजे जिला आज लोक वंशावळ समजतात ती वस्तुतः एक वाटणीपत्र आहे. आपल्याकडे ज्यानें एखाद्या जुन्या घराचें वाटणीपत्र वाचलें असेल त्यास त्यांतील मौनाचा अर्थ निराळा सांगावयास नको: सासरीं गेलेल्या मुली, परगांवीं राहिलेला भाऊ, हे त्या घरचे नव्हते असें कोणी म्हणत नाहीं. डॉजच्या यादींतहि वास्तव्याची अट होती. त्या वर्षांत आलाबामांत वा टेक्ससांत नांदणारा मनुष्य सहसा यादींत आलाच नाहीं.

सर्वांत मोठा दोष मात्र वर्गीकरणांत आहे. चॉक्टॉंनीं पूर्वीं काळे गुलाम बाळगले होते. त्या मुक्तजनांची यादी वेगळी केली. रक्ताच्या यादींतील माणसास ३२० एकर, मुक्तजनास ४०. रक्ताचे अपूर्णांक पहिल्या यादीच्या रकान्यांत भरले. मुक्तजनांच्या यादींत तो रकानाच नाहीं. बाप चॉक्टॉ असला तरी मुक्त स्त्रीचें मूल आईच्या यादींत गेलें. कारकुनाच्या या एका रकान्यानें आजहि माणसें दाराबाहेर उभीं आहेत, कारण १९८३ च्या घटनेनें सभासदत्व रक्ताच्या यादींतील पूर्वजांच्या वंशजांपुरतेंच ठेवलें. ज्याच्या अंगीं तें रक्त अत्यल्प उरलें आहे असा वंशज आंत, आणि चॉक्टॉ बापाच्या मुक्त कन्येची नात बाहेर! हा न्याय यादीनें केला असें म्हणून आपली सुटका करून घेतां येत नाहीं. यादी माणसांनीं लिहिली आणि तीच कायम ठेवणारींहि माणसेंच.

म्हणून पणजीची कथा खरीच मानावी काय? मुळींच नाहीं. पांच राष्ट्रांसाठीं मिळून अडीच लाखांवर लोकांनीं अर्ज केले आणि एक लाखाच्या आसपास मान्य झाले. नाकारलेल्यांत जमिनीच्या लोभानें आलेले पुष्कळ होते, आणि अर्ज जमविणारे वकीलहि होते. पणजोबांचा अर्ज सांपडला म्हणजे कुटुंबाला हर्ष होतो. पण त्यानें एवढेंच सिद्ध होतें कीं, पणजोबांनीं तसें म्हटलें होतें. दुसरी चूक याहून सामान्य आहे. यादींत आपल्या आडनांवाचा कोणी शोधावयाचा आणि तेथून खालीं आपल्यापर्यंत शिडी बांधावयाची. शिडी आपल्या पायापासून वर लावावी लागते: जन्म, विवाह, मृत्यु यांच्या नोंदी, मग शिरगणती. १९०० च्या शिरगणतींत आदिवासींसाठीं स्वतंत्र पत्रकें असून त्यांत आईबापांची जमातहि विचारलेली आहे. १८९० च्या शिरगणतीचे कागद १९२१ च्या आगीनें बहुतेक नष्ट केले, तेव्हां ती वीस वर्षांची खिंड इतर कागदांनीं ओलांडावी लागते.

माझें मत विचाराल तर यादीपेक्षां अर्जासोबतच्या जबान्या आधीं वाचाव्या. त्यांतील बराच भाग फोर्ट वर्थच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. तेथें आयुक्त विचारतो, आईचें नांव काय, ती कोठें वारली, शेजारीं कोण होतें. आणि उत्तर देणारा, कधीं दुभाष्यामार्फत, आपल्या माणसांचीं नांवें एकेक करून सांगतो. पुढें अर्ज नाकारला गेला असला, तरी तीं नांवें त्या पानावर तशींच आहेत.