राज्याचें कर्ज आणि रानाची माती

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा 1883 सालचा ग्रंथ सावकारी पाशाचें व कारकुनी जुलमाचें चित्र म्हणून वाचण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. आम्हींही तो पुष्कळ वर्षें तसाच वाचला. परवां नाशिकला परततांना इगतपुरीच्या चढावर गाडी रेंगाळली, तेव्हां त्यांतील जंगल खात्याचीं पानें पुन्हां चाळलीं. आणि रयतेच्या कर्जामागें उभें असलेलें राज्याचें कर्ज डोळ्यांपुढें आलें.

हा लोहमार्ग विलायती पैशावर झाला. कंपनीच्या भागीदारांना सरकारनें शेंकडा पांच व्याजाची हमी दिली होती; उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीनें, म्हणजे बव्हंशीं सारा भरणाऱ्या कुणब्यानें, भरावयाची. नांवाला तें भागभांडवल. परिणामीं देशाच्या डोक्यावरचें कर्जच. थळ घाटाचा मार्ग 1865 सालीं खुला झाला. लोहमार्गाच्या दर मैलाला दोन हजारांच्या आसपास लांकडी स्लीपर लागत, आणि ते कुजले कीं पुन्हां नवे. 1864 सालीं जंगल खातें निघालें तें मुख्यत्वें या लांकडाच्या तरतुदीसाठीं. 1878 च्या कायद्यानें रानांवरील सरकारचा ताबा पक्का केला.

येथें फुल्यांची नजर असामान्य वाटते. शेरडांकरडांना चरावयास जागा उरली नाहीं, एवढ्यावर ते थांबत नाहींत. डोंगरावरील पालापाचोळा, फुलें, मेलेले किडे यांचें सत्त्व पावसाबरोबर खालीं उतरतें. तें ओढ्यांतून वाया न जातां शेतांत मुरावें म्हणून तालीबंधारे घाला, असें ते सरकारला सांगतात. दादाभाई नौरोजींनीं देशाबाहेर जाणारा रुपया मोजला. शेताला मुकणारी माती फुल्यांनीं पाहिली. तिजोरीच्या हिशेबांत या मातीला रकानाच नव्हता.

जंगलें राखलीं नसतीं तर डोंगर पार बोडके झाले असते, असें कोणी म्हणेल. तें अगदींच खोटें नाहीं. पण राखण कोणासाठीं, हें विचारावेंच लागतें. ग्रंथाचा दोष निराळा आहे. भट कामगारांवरील रोष इतक्या वेळां उसळतो कीं, व्याजाचा आणि तुटलेल्या रानाचा धागा वाचकाच्या हातून निसटतो. पुढील आवृत्तीच्या संपादकानें त्या पानांखालीं रेल्वेच्या हमीची निदान एक टीप द्यावी.