शेरेची हसरी तरुणी : मुखवटा-नृत्याच्या पोस्टरविषयी थोडं
पॅरिसच्या ऑपेरात कार्निव्हलला मुखवटा-नृत्यं होत. १८९०च्या दशकात त्यांची पोस्टरं ज्यूल शेरे करायचा. बघा, गार्निएची ती नटलेली इमारत यांत नाही. पायाखाली जमीनसुद्धा जवळजवळ नाही. एक हसरी तरुणी लाल-पिवळ्या झगमगाटात नुसती तरंगते आहे. शिळाछपाईत एकेक रंग वेगळ्या दगडावरून उतरवायचा, आणि तरी हा हलकेपणा! शेरेच्या हाताबद्दल आमचा वाद नाहीच.

वाद पुढे आहे. हीच तरुणी, हेच हसू, साक्सोलीन नावाच्या रॉकेलच्या जाहिरातीत दिव्यापाशी उभं असतं. लोकांनी तिला ‘शेरेत’ असं नावच पाडलं. आता मुखवट्याची गंमत कशात? आत कोणीतरी एक माणूस आहे आणि तो कोण हे कळत नाही, यात. इथे आत कोणी नाहीच. मग लपवायचं काय?

शेजारी तुलूझ-लोत्रेकचं १८९१चं ‘मूलाँ रूझ’ ठेवा. तो नाच मुखवट्यांचा नव्हे, मान्य. पण ला गुल्यू या नर्तकीचं नाव त्यावर छापलंय. पुढचा पुरुष म्हणजे नुसती करडी सावली, तरी नाक-हनुवटी त्याचीच. मुखवटा चढवायला निदान चेहरा तरी तिथे आहे, असं आम्हाला वाटतं.