सामायिक कारखान्यातील काष्ठछाप

लाकडी ठशावरून हाताने चित्र छापण्याच्या कलेची आजची स्थिती तपासू जाणाऱ्याला प्रथम एका विसंगतीची नोंद करावी लागते. ती अशी की, मुद्राचित्रणाच्या सर्व प्रकारांत ज्याला यंत्राची गरज सर्वांत कमी, तोच प्रकार आपल्याकडे बहुतांशी यंत्रसज्ज सामायिक कारखान्यांच्या आश्रयाने नांदतो आहे. एचिंगला दाबयंत्र हवे, शिलामुद्रणाला जडशीळ दगड हवा. काष्ठछापाला मात्र एक फळी, दोन-चार पटाश्या, शाईचा रूळ आणि कागदाची पाठ घासावयास एखादा गुळगुळीत चमचा, एवढा सरंजाम पुरतो. मग या कलावंताने घराचा उंबरठा ओलांडावाच का?

याचे उत्तर या कलेच्या कठोर स्वभावात आहे. काष्ठछापात जेवढे लाकूड राखावे तेवढेच शाई धरते, कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, आणि एकदा निघालेली ढलपी पुन्हा जागेवर बसत नाही. त्यातून फळीच्या तंतूंशी आडवे गेले की पटाशी रेषा सोडून भलतीकडे धावते. छपाईतही हाताची परीक्षा संपत नाही. रुळावरील शाई किंचित दाट झाली तर बारीक चरे बुजतात, विरळ झाली तर काळा रंग करडा पडतो, आणि चमच्याचा दाब सर्वत्र सारखा पोचला की नाही हे कागदाचा एक कोपरा अलगद उचलून पाहावे लागते. हे सारे एकट्याने करणाऱ्यास आपला दोष दिसेनासा होतो; शेजारच्या मेजावर छापणारा मात्र पहिली कच्ची प्रत पाहताच, पटाशी आता खाली ठेवा, असे बजावू शकतो. सामायिक कारखान्याची खरी मालमत्ता दाबयंत्र नसून ही परकी नजर होय, असे माझे मत आहे.

या नजरेला हेतूची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे देशोदेशींच्या इतिहासात पाहावे. शांघायमध्ये १९३१ च्या ऑगस्टात साहित्यिक लू शुन यांनी तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांचा वर्ग भरविला, आणि जपानी शिक्षकाच्या बोलण्याचा दुभाषी म्हणून ते दस्तुरखुद्द उभे राहिले. एवढ्या अल्पशा तालमीतून चीनच्या नव्या काष्ठछाप-चळवळीला चालना मिळाली. मेक्सिको नगरात १९३७ मध्ये चित्रकार लेओपोल्दो मेंदेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांसाठी जो मुद्राचित्र-कारखाना काढला, तेथे प्रत्येकाच्या कामाची सर्वांदेखत चिकित्सा होई, आणि चित्रे स्वस्त कागदावर, भित्तिपत्रके व हस्तपत्रके होऊन रस्त्यावर जात. आपल्याकडे कलकत्त्याच्या बटतल्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातच लाकडी ठशांची चित्रे बाजारात आणली होती; पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये लिनोवर, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर, दांडीचे यात्रिक गांधीजी कोरले, सोमनाथ होर यांनी बंगालच्या तेभागा आंदोलनातील शेतकरी लाकडात उतरविले, आणि १९४६ पासून मुंबईस येऊन राहिलेल्या चित्तप्रसादांनी अंधेरीत, कोणत्याही कारखान्याच्या आधारावाचून, लिनोकटांची अखंड निर्मिती केली. या शेवटच्या उदाहरणाने माझ्या विधानास अपवाद निघतो हे कबूल. पण असामान्यांच्या अपवादावर कोणत्याही कलेचा कारभार चालत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात व्यवस्था पुष्कळ सुधारली. जगमोहन चोपडा यांच्या पुढाकाराने दिल्लीत १९६८ मध्ये मुद्राचित्रकारांचा ‘ग्रूप ८’ उभा राहिला, १९७६ मध्ये ललित कला अकादमीने गढी येथे सामायिक कार्यशाळा उघडल्या, भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून मुद्राचित्रणाची सोय झाली, आणि बडोद्यास १९९९ मध्ये ‘छाप’ ही संस्था निघाली. कोरणीची सफाई, रंगांच्या फळ्यांची अचूक जुळणी आणि आकाराचे धाडस या बाबतींत आजचा कलावंत कोठेही उणा नाही. आठ फूट लांबीचा प्लायवुडचा अखंड तक्ता कोरणारे आता विरळा राहिलेले नाहीत. (काही तक्ते त्या लांबीखेरीज दुसरे काही सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

उणीव आहे ती बहुलतेची. अनेक प्रती निघाव्यात म्हणून जन्मलेल्या या कलेने पाच-दहा प्रतींच्या आवृत्तीत स्वतःला कोंडून घेतले आहे. प्रत्येक प्रतीखाली शिसपेन्सिलीने अपूर्णांकात टाकलेला प्रतीचा क्रमांक ही मूळची प्रामाणिक हिशेबाची रीत, ती आता दुर्मिळतेची मक्तेदारी झाली आहे. लाकडी फळी शंभर प्रती सहज सोसते. प्रती कमी निघतात त्या फळी झिजते म्हणून नव्हे, भाव टिकावा म्हणून. आणि मेक्सिकोच्या कारखान्यात जो प्रश्न पहिला विचारला जाई, हे चित्र कोणाच्या घरी जाणार, तो आपल्या कारखान्यांत क्वचितच निघतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, १८५७ पासूनचे जे. जे. स्कूल असलेल्या या प्रांतात पदवी हाती पडताच विद्यार्थ्याला कारखान्याचे दार बंद व्हावे, हे भूषणास्पद नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून उभी असताना कागदाच्या नावाने ओरड करणेही शोभत नाही. तेव्हा कलाशाळांच्या चालकांनी आपले मुद्राचित्रण-विभाग आठवड्यातून दोन सायंकाळी माजी विद्यार्थ्यांस खुले ठेवण्याची तजवीज करावी, आणि तेथे छापणाऱ्यांनी वर्षाकाठी निदान एक फळी क्रमांकावाचून, पुस्तकाच्या किमतीत विकण्यासाठी छापावी, अशी माझी उभयतांस विनंती आहे.